जाधवांकडचं विरजण

माणिकबाईंची हाक आली की रुक्मिणीच्या गुडघ्यांना ती आधी कळायची. हाक तिसऱ्या मजल्यावरून यायची, रुक्मिणी राहायची पहिल्यावर, आणि मुलुंडच्या त्या इमारतीत लिफ्ट नव्हती. "परबवहिनी, जरा येऊन जाता का?" एवढंच. ह्या 'जरा'चा अर्थ तिला सरावानं पाठ झाला होता. कुणाला तरी काहीतरी टोचेल असं सांगायचं असायचं आणि ते सांगायला माणिकबाईंना स्वतःचं तोंड वापरायचं नसायचं.

माणिकबाईंचे यजमान श्यामकांत देवस्थळी सोसायटीचे सेक्रेटरी होते. सह्या ते करायचे, सोसायटी बाई चालवायच्या. पुढच्या गॅलरीत परकर वाळत घालू नका, हे दुसऱ्या मजल्यावर कुणी सांगितलं? रुक्मिणीनं. तळमजल्यावरच्या राधाबाईंचे यजमान वारले, तेव्हा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांनी जरा मागंच बसावं, हे कुणी सांगितलं? तेही रुक्मिणीनंच. राधाबाई त्यानंतर मागंही बसल्या नाहीत, यायच्याच बंद झाल्या. "तुमच्या तोंडून कसं वाईट वाटत नाही बघा," असं माणिकबाई म्हणायच्या आणि वर एक कप चहा द्यायच्या. त्या चहापायी किती जणांची मनं मोडली त्याचा हिशेब रुक्मिणीनं कधी केला नाही. केला असता तर चहा गळ्याखाली उतरला नसता.

त्या शनिवारी ती वर पोचली तेव्हा माणिकबाई पाटावर बसून वाटाणे सोलत होत्या. दुसऱ्या दिवशी, दसऱ्यानंतरच्या रविवारी, सोसायटीचं वार्षिक जेवण होतं. पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलबी, मठ्ठा. बेत दरवर्षी हाच असायचा.

"बसा, वहिनी. मठ्ठ्याचं जरा बघायला हवं."

"मठ्ठा जयंती करतेय ना? पंधरा ऑगस्टलाच ठरलं."

"तेच." माणिकबाईंनी आवाज खाली आणला, घरात सून आणि नातवाशिवाय कुणी नसताना. "तेव्हा कुठं माहीत होतं आपल्याला? ते त्यातले निघाले. तुम्ही जाऊन सांगा तिला. लागेल असं नका बोलू हं. म्हणावं, मठ्ठा बाहेरून मागवलाय, तू उगाच दगदग करू नकोस. मला काही नाही हो, मी कुठं मानते असलं? पण चार लोक जेवायला बसायचे नाहीत. मग शोभा कुणाची होईल?"

रुक्मिणी म्हणाली, "बरं." हा शब्द तिच्या तोंडून इतक्या सहज निघायचा की कधी निघाला ते तिलाही कळायचं नाही. आतल्या खोलीतून सून, क्षमा, चहाचा कप घेऊन आली. कप ठेवताना तिनं रुक्मिणीकडं बघितलं नाही.

जाधव मार्चमध्ये राहायला आले होते, रुक्मिणीच्या समोरच्याच दारात. नंदकुमार टेलिफोन खात्यात, बायको जयंती घाटकोपरची, हसतमुख आणि बडबडी. घर घेतलेलं होतं, भाड्याचं नव्हे. त्यासाठी ऑफिसातून कर्ज काढलं होतं आणि जयंतीनं पाटल्या मोडल्या होत्या. जाधव आडनाव ऐकून सगळी इमारत खूश झाली. जाधव म्हणजे आपलेच, असं ज्यानं त्यानं आपापल्या मनात ठरवून टाकलं. एकट्या रुक्मिणीनं विचारलं. कोकणातल्या बाईला आडनावावर समाधान होत नाही, गाव विचारलं की वाडी विचारावीच लागते. नंदकुमारनं पेटी उचलता उचलता सांगितलं, "कणकवलीच्या पुढचे आम्ही, काकू. बौद्धवाडी." सांगताना तो ना अडखळला ना थांबला. रुक्मिणी "बरं" म्हणाली आणि तिनं ते कुणाला सांगितलं नाही. हा तिचा मोठेपणा होता असं कुणी समजू नये. सांगितलं असतं तर बोलणं वाढलं असतं, आणि बोलणं वाढलं की तिला वर बोलावलं असतं.

मग मे महिना आला. मेमध्ये ही इमारत ओस पडते. जो तो गावी, आंब्या-फणसाला. जूनमध्ये सगळे परत आले तेव्हा घराघरातलं विरजण संपलेलं होतं. फक्त जयंती गावी गेली नव्हती. रुक्मिणीनं समोरचं दार वाजवून वाटीत दोन चमचे दही आणलं, रात्री दूध लावलं, सकाळी असं घट्ट दही लागलं की तिचा नवरा, काशीराम, दोनदा भात घेऊन जेवला. तिला काही समाज सुधारायचा नव्हता, तिला दही हवं होतं. दुसऱ्या दिवशी माणिकबाईंची क्षमा वाटी घेऊन आली. रुक्मिणीनं तिला दिलं. माणिकबाईंकडून ते वरच्या सगळ्यांकडं गेलं. विरजणाचं असंच असतं, आजच्यातलं चमचाभर उद्यासाठी काढून ठेवायचं आणि शेजारणीनं मागितलं तर द्यायचं. आत कुणी जात नाही, दारातच वाटी भरून घेतात.

आत गेले ते गौरीच्या वेळी. हळदीकुंकवाचं बोलावणं करायला माणिकबाई स्वतः जाधवांच्या बाहेरच्या खोलीत शिरल्या आणि बाजूच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर बघून तशाच मागं फिरल्या. हातातली कुंकवाची कोयरी उघडलीसुद्धा नाही. तसबिरी पहिल्या दिवसापासून तिथंच होत्या. पण आपल्याला फसवलं, असं सगळ्या इमारतीनं एका संध्याकाळीत ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून जयंती जिन्यात आली की बायकांना गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवायला लागलं. दिवसभर उघडं असणारं जाधवांचं दार त्यानंतर बंद राहू लागलं.

खाली येईपर्यंत रुक्मिणीचा डावा गुडघा बोलायला लागला होता. काशीराम रात्रपाळी करून आला होता आणि खाटेवर पडून पंख्याकडं बघत होता. गिरण्यांचा संप होऊन तीन वर्षं झाली होती. साच्यावर कापड विणण्यात आयुष्य घालवलेला माणूस आता एका औषध कंपनीच्या फाटकावर दांडकं घेऊन बसायचा आणि त्याबद्दल अवाक्षर बोलायचा नाही.

"काय झालां गे? तोंड कित्याक पडलां?"

"जयंतीक सांगूचा आसा, मठ्ठो करू नको म्हणान."

काशीराम कुशीवर वळत म्हणाला, "दर टायमाक तूच कित्याक गे?"

तो घोरायलाही लागला. रुक्मिणी ओट्यापाशी उभी राहिली. ओट्यावर दह्याचं भांडं होतं, वर ताटली. तिनं ताटली उचलली आणि उगाच त्या दह्याकडं बघत राहिली. तिला आई आठवली. गावी ताक केलं की पडवीच्या खाली माणसं लोटकं घेऊन यायची. ताकाला कधी कुणी नाही म्हणायचं नाही, पण आई ते हातभर वरून ओतायची आणि अर्धं अंगणात सांडायचं. लहानपणी रुक्मिणीला वाटायचं, आईचा नेम चुकतो. तिनं एकदा तसं विचारलं आणि पाठीत धपाटा खाल्ला. पुढं तिनं कधीच काही विचारलं नाही, आईलाही नाही आणि माणिकबाईंनाही नाही. ह्या सगळ्याचा तिला एकदम फार कंटाळा आला. राग येण्याइतकी ताकद तिच्यात उरली नव्हती, नुसता कंटाळा, पाय दुखतात तसा.

पण निरोप होता. तिनं समोरचं दार वाजवलं.

जयंतीनं दार उघडलं आणि तिचा चेहरा फुलला. "काकू! या ना. मी तुमच्याकडंच येणार होते." स्वयंपाकघरात जमिनीवर एक मोठं पातेलं होतं, इतकं मोठं की ते ह्या घरचं नव्हतं. "घाटकोपरहून आईकडून आणलं. सकाळी नंदू डोक्यावर घेऊन आला, सगळे हसत होते त्याला. दूध येतंय आता. काकू, एवढ्याला आलं किती लागेल? मुलं पिणार ना, तिखट नको व्हायला."

रुक्मिणी खाली बसली. बसली म्हणजे बसावंच लागलं.

"नंदू म्हणतो, हे घर विकू आणि घाटकोपरला जाऊ, आपल्या माणसांत. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांब. एकदा सगळे बरोबर जेवले की होईल नीट. हो ना?" जयंती बोलता बोलता थांबली. रुक्मिणीचा चेहरा लपवाछपवीच्या कामाचा नव्हता. "तुम्हाला वरून पाठवलंय ना?"

रुक्मिणीनं पदर नीट केला.

"सांगा, काकू. मी रडणार-बिडणार नाही. शाळेपासून ऐकतेय. फक्त एक सांगू? ज्याला मी नको असते ना, तो कधीच येत नाही. दर वेळी दुसरंच कुणीतरी येतं, बिचारं, आणि मग मला त्याचंच वाईट वाटत बसतं. एकदा तरी त्यांच्या तोंडून ऐकायचंय मला."

बाहेर दूधवाल्यानं कडी वाजवली. जयंती उठली नाही, वाट बघत राहिली, की हे दूध घ्यायचं की परत पाठवायचं.

"दूध घे," रुक्मिणी म्हणाली. "आलं बेतानं घाल. मला काय सांगायचं नाही."

आणि ती पुन्हा जिना चढायला लागली. कुणी हाक मारली नसताना वर जायची ही तिची पहिलीच वेळ होती.

माणिकबाईंकडं आता आणखी दोघी-तिघी येऊन बसल्या होत्या. मधोमध वाटाण्यांची परात. कोपऱ्यात क्षमा मुलाला दहीभात भरवत होती.

"सांगितलंत?" माणिकबाईंनी विचारलं. "काय म्हणाली?"

"मी नाही सांगितलं," रुक्मिणी दारातच उभी राहून म्हणाली. तिला धाप लागली होती. "तुम्हाला नको असेल तर तुम्ही जाऊन सांगा. समोरच राहते ती माझ्या. दोन जिने उतरायचे."

"अहो, पण लोकांना चालायचं नाही तिच्या घरचं दही."

"कुठल्या लोकांना? तुम्हाला चालतं ना?"

"म्हणजे?"

"जूनमध्ये विरजण कुणाकडनं नेलंत?"

"तुमच्याकडनं. क्षमाच आली होती."

"आणि माझ्याकडं कुठनं आलं? मी महिनाभर गावाला होते. मुलुंडात माझं कोण होतं दही लावून ठेवायला?" रुक्मिणीचा आवाज चढला नव्हता, उलट बसत चालला होता. "जयंतीकडनं आणलं मी. तेच तुम्हाला दिलं. तुम्ही ह्यांना दिलंत. तेव्हापासून रोज त्यातलंच काढून त्यातच लावताय. तो पोरगा खातोय ना, ते त्याच दह्याचं. चार महिने काय झालं कुणाला? कुणाचं पोट दुखलं? आणि एक ऐका, आजपासून माझ्याकडनं कुणाचा निरोप कुणाला जायचा नाही. माझे पाय दुखतात."

पोरानं तोंड उघडलं होतं आणि क्षमाचा घास मधल्या मध्ये थांबला होता. पोर रडायला लागलं तेव्हा तिनं सासूकडं न बघता तो घास त्याच्या तोंडात घातला.

दुपारी रुक्मिणीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर मोरीचे पाइप खळखळायला लागले. आधी तिसऱ्या मजल्याचा, मग दुसऱ्याचा. अवेळी कोण भांडी घासतंय असं तिला वाटलं, मग उलगडा झाला. दही ओततायत. तिला हसू आलं, आणि हसता हसता फार वाईट वाटलं. चार महिने खाल्लेलं कुठं ओतणार होत्या?

रविवारी जयंती जरीकाठाची साडी नेसून खाली आली. पातेल्याचा एक कान तिच्या हातात, दुसरा नंदकुमारच्या. तिला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं, कारण म्हणायला जाणारं माणूसच इमारतीत उरलं नव्हतं. पानं वाढली गेली. मठ्ठा फिरायला लागला आणि त्या दिवशी सबंध सोसायटीला एकाएकी सर्दी झाली. कुणाचा घसा बसला होता, कुणाला डॉक्टरांनी आंबट सांगितलं नव्हतं. माणिकबाईंनी पेला पालथाच घातला होता. रुक्मिणी प्यायली. काशीराम पेल्यामागून पेले प्यायला आणि रात्री पोट धरून बसला. राधाबाई कधी नव्हे त्या खाली येऊन पंगतीत बसल्या होत्या, त्यांनी पेला पुढं केला. आणखी दोन-चार मुलांनी, आयांचं लक्ष नसताना. बस.

परत जाताना पातेल्याचा एक कान रुक्मिणीनं धरला. ते जवळजवळ भरलेलंच होतं आणि जिन्यात सांडत होतं.

"तुम्ही वर जाऊन बोललात म्हणे," जयंती म्हणाली.

"हो."

"बरं वाटलं ऐकून." दोन पायऱ्या चढून तिनं कान दुसऱ्या हातात घेतला. "पण काकू, तुम्हाला तर मार्चपासून माहीत होतं. नंदूनं सांगितलं होतं तुम्हाला. जूनमध्ये विरजण देतानाच सांगायचं होतं ना, कुणाकडचं आहे ते."

गुडघ्यांची सबब इथं चालण्यासारखी नव्हती. रुक्मिणी पातेलं धरून चढत राहिली.

"दिवाळीनंतर गिऱ्हाईक बघणार म्हणतोय नंदू," जयंतीनं दाराचं कुलूप काढत सांगितलं.

त्यानंतर वरून हाक आली नाही. आधी दोन दिवस रुक्मिणीला हायसं वाटलं, मग घर खायला उठलं. बायका जिन्यात तिच्याशीही गॅसवरचं आठवूनच बोलायला लागल्या. आपण बोलून काय मिळवलं, असं ती भांडी घासताना स्वतःला विचारायची. मठ्ठा वाया गेला, चहा बंद झाला, आणि समोरची पोर निघाली ती निघालीच.

आठवड्यानं, देवापाशी दिवा लावून ती उठत होती तेव्हा दार वाजलं. क्षमा होती. हातात वाटी, पदराखाली अर्धी झाकलेली.

"परबकाकू, विरजण आहे का हो? डेअरीचं दही आणतो, त्याला बाळ तोंड लावत नाही. आंबट लागतं त्याला. चार दिवस धड जेवला नाहीये. आईंना माहीत नाही मी आलेय ते."

दह्याचं भांडं ओट्यावर होतं, दारातून दिसत होतं. रुक्मिणीचा हात सवयीनं वाटीकडं गेला आणि थांबला. जूनमध्येही असाच गेला होता.

"ते समोरचंच आहे," ती म्हणाली. "समोर माग."

क्षमानं समोरच्या बंद दाराकडं बघितलं, जिन्याकडं बघितलं. रुक्मिणी आत गेली नाही. क्षमानं कडी वाजवली, अगदी हलकी, आतल्याला ऐकू न जावी अशी. ऐकू गेली. जयंती दारात आली, वाटीकडं बघून तिला काय ते समजलं.

"विरजण हवं होतं थोडं," क्षमा म्हणाली.

"दिवे लागले," जयंती म्हणाली. "आता नाही देत. सकाळी या."

एवढं कोणतीही बाई कोणत्याही बाईला म्हणते. तिन्हीसांजेनंतर दूधदुभतं घराबाहेर जात नाही. बौद्ध होऊन जाधवांनी बरंच काही सोडलं होतं, मग ही रीत जयंतीनं पाळली की वेळेला वापरली, ते रुक्मिणीला सांगता आलं नसतं. क्षमा मान हलवून वळली तेव्हा जयंती आणखी म्हणाली, "आणि दारात नाही देणार. आत येऊन न्या."

त्या रात्री रुक्मिणीला नीट झोप लागली नाही. येते की नाही, हेच घोळत राहिलं. सकाळी दूध गॅसवर ठेवून ती केर टाकायच्या निमित्तानं बाहेर आली. जाधवांचं दार उघडं होतं, सताड, गौरीच्या आधी असायचं तसं. उंबऱ्याबाहेर क्षमाच्या चपला होत्या. आत, तसबिरींच्या खाली, क्षमा खुर्चीच्या टोकावर बसली होती, मांडीवर वाटी आणि हातात चहाचा कप. पोर पातेल्याशी खेळत होतं, पातेलं अजून घाटकोपरला परत गेलं नव्हतं.

तेवढ्यात वरून आवाज आला. "परबवहिनी! अहो, क्षमा दिसली का हो कुठं?"

आठवड्यानंतरची पहिली हाक. क्षमानं दचकून दाराकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत काय आहे ते रुक्मिणीला लगेच समजलं, आयुष्यभर तिनं तेच काम केलं होतं. खाली भाजीला गेलीय, असं नुसतं ओरडायचं. सगळं गोडीत मिटलं असतं.

रुक्मिणी केराचं टोपलं हातात धरून उभी राहिली. तिनं वर बघितलं नाही आणि तोंडही उघडलं नाही.

"वहिनी? ऐकू येतंय का?"

जयंती स्वयंपाकघराच्या दारात चमचा घेऊन थांबली होती. क्षमानं कप खाली ठेवला. मग ती उठून उंबऱ्यापाशी आली.

"इथं आहे," ती म्हणाली. आवाज जिन्यापर्यंतही पोचला नाही. तिनं घसा खाकरला. "इथं आहे मी, आई! जाधवांकडं. जयंतीकडं बसलेय. चहा संपवून येते."

वरून उत्तर आलं नाही. मागं स्वयंपाकघरात रुक्मिणीचं दूध उतू गेल्याचा वास यायला लागला होता, आणि गॅस बंद करायला तिचे पाय पटकन उचलेनात.